मोठमायचे नमस्कार

मोठमाय देवळात गेली की देवाशी मोठ्याने बोलायची. मनातल्या मनात हात जोडून बाहेर येणं तिला माहीतच नव्हतं. आधी गाव सांगायची, मग एकेकाचा निरोप. "देवा, मी वडनेर भोलजीची. हा नमस्कार शेवंताबाईचा, तिच्या पोरीची कूस भरू दे. हा किसनाचा, त्याची बोअर आटली. अन् हा रहीमभाईचा सलाम. तो म्हने, मोठमाय, मेरा भी बोलना." देवाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे सगळेच म्हणतात, 'माहा नमस्कार सांगजो.' तो नावानिशी पोचवणारी मी तेवढी एकच पाहिली.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आईवडील कामासाठी बाहेरगावी असायचे, म्हणून दहावीपर्यंत मी तिच्याच घरी राहिलो. तिला अक्षरओळख नव्हती. मी पुस्तक उघडलं की ती समोर भाकरी थापत बसायची आणि म्हणायची, "मोठ्यानं वाच बे. तोंड शिवलं काय तुहं?" आमच्या घराण्यात पहिली पदवी मला मिळाली, तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा तिचा आहे.

गेल्या वर्षी घसा दुखतो म्हणून तिला पुण्याला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, की गाठ काढायची तर आवाज जाईल. नाही काढली तर फार दिवस नाहीत. तिने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या बायकोकडे, रेखाकडे पाहिलं. मग डॉक्टरांना विचारलं, "कधी करता?"

"सोमवारी."

"मंग दोन दिवस हायेत," ती मला म्हणाली. "मले अठीचे देव दाखव. गावचे नमस्कार राह्यले सांगायचे."

ते दोन दिवस आम्ही तिघं पुणे आणि आसपासची देवळं फिरलो. मी गाडी लावायचो, चपला सांभाळायचो, रांग कुठून सुरू होते ते विचारायचो. याशिवाय मला काही सुचत नव्हतं आणि काही वाटतही नव्हतं. जेवण समोर आलं की जेवत होतो. रेखा काही विचारायची, मी मान हलवायचो.

पेठेतल्या गणपतीपुढे मोठमायचे नमस्कार सुरू झाले, तेव्हा रांगेतल्या दोन बायका तिची बोली ऐकून हसल्या. तिथला सुरक्षारक्षक म्हणाला, "आजी, चला पुढे. मागे रांग बघा किती आहे."

"थांब रे बाप्पा. शेवंताबाईची पाळी यायची हाये अजून."

"अहो, देवाला कळतं सगळं मनातलं."

"त्याले कळते, पन शेवंताबाईले काय सांगू मी? सांगतलं म्हनून सांगू का सांगतल्याबिगर?"

रक्षक हसला आणि त्याने मागच्यांना हाताने थांबवलं. निघताना तिने त्याचं नाव विचारून घेतलं. पुढच्या देवळात त्याचाही नमस्कार झाला.

गाडीत रेखा म्हणाली, "मोठमाय, घसा दुखतोय तुमचा. सगळ्या गावाचा म्हणून एकच नमस्कार सांगा ना."

"सूनबाई, लग्नाची पत्रिका 'समस्त गावकरी' लिहून पारावर चिकटवली, तं येईन काय कोनी जेवाले? ज्याची त्याच्या घरी द्या लागते."

तिने नावं देवळांमध्ये वाटून घेतली होती. एकाच देवावर सगळं ओझं नको, असं तिचं म्हणणं. कोरड्या पडलेल्या घशाने, मध्ये मध्ये पाण्याचा घोट घेत, ती एकेक नाव संपवत होती. स्वतःसाठी तिने कुठेच काही मागितलं नाही. मी ते बघत होतो, पण तिला 'माग' असंही म्हणालो नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही शहराबाहेरच्या एका लहानशा महादेवाच्या देवळात होतो. गर्दी नव्हती. मोठमाय पिंडीसमोर उभी राहिली, गाव सांगितलं आणि थांबली. नावं संपली होती. रेखाने माझा हात धरला. आता ती आपल्या आवाजासाठी मागेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

"देवा," ती म्हणाली, "हे माहं पोट्टं शुक्रवारपासून बोलून नाही राह्यलं. हाव म्हनत नाही अन् नाही बी म्हनत नाही. याले बोलतं कर. माहं झालं आता बोलून."

रेखा बाहेर जाऊन रडली. मी मोठमायच्या चपला आणून तिच्यापुढे ठेवल्या.

ऑपरेशन झालं. मोठमाय वडनेरला परत गेली आणि पुढचा उन्हाळा तिने पाहिला. रोज संध्याकाळी चुलतभाऊ तिला माझा व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. ती नुसती बघायची. मी गप्प झालो की नखाने पडद्यावर टकटक करायची. मग मी बोलायचो: भाजी कोणती केली, साहेब काय म्हणाला, शेजारच्या मुलीचं कुठे जमलं. इतकं मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी आणि रेखा लगेच निघालो. मला रडू आलं नाही. गाडी चालवताना मी बोलत होतो, रस्त्याबद्दल, ढाब्यांबद्दल, कपाशीबद्दल, कशाबद्दलही. रेखाने मला एकदाही थांबवलं नाही. वडनेरचा फाटा आला तरी माझं बोलणं चालूच होतं.