देवाने नाक मुरडले

त्या सकाळी किरपीने कुंडातून चिमट्याने उचललेली पहिली वस्तू म्हणजे लहान मुलाचा कागदी लंगोट. पाणी पिऊन तो टम्म फुगला होता, आणि चिमट्यात येताच फाटून त्यातला पिवळसर चिकट लगदा तिच्या पावलांवर सांडला. मग शांपूच्या पुड्या, केसांचा मुठीएवढा गुंता, आणि एक परकर. तीर्थात नेसून उतरलेले वस्त्र तीर्थातच सोडावे, म्हणजे पापे त्याच्यासह वाहून जातात, अशी यात्रेकरू स्त्रियांची श्रद्धा. पापे जात असतील. वस्त्रे मात्र मोरीच्या तोंडाशी अडकत, आणि किरपीच्या वाट्याला येत.

मणिकर्णाच्या गरम झऱ्यांवरच्या या स्त्रियांच्या कुंडाची सेवा तिला सासूकडून मिळाली. सासू राख आणि देवदाराची डहाळी घेऊन, नुसत्या हातांनी, गुणगुणत कुंड घाशी. किरपीला ते कधीच साधले नाही. गेल्या अकरा वर्षांत ती स्वतः त्या पाण्यात उतरली नव्हती. पलीकडच्या उकळत्या झऱ्यात लोक तांदळाची पुरचुंडी सोडतात आणि शिजलेला भात प्रसाद म्हणून भक्तीने खातात. तो झरा वेगळा, हे ठाऊक असूनही तिला त्या भाताच्या दाण्यादाण्याला केस चिकटलेला दिसे.

दीड वर्षापूर्वी तिला भुंतरच्या बाजारात उपाय सापडला : फिनेल. कुंड घासताना ती ते ओती. गरम दगडांवरून तो उग्र दर्प उठला, की तिच्या पोटातली मळमळ शमे. लुधियाण्याच्या बाया तर वास घेऊन म्हणत, "किती स्वच्छ ठेवलंय हो!"

आज तिच्या माहेरचा, वरच्या गावचा नागदेवता तीन वर्षांनी, जुन्या रिवाजाप्रमाणे याच कुंडात, स्नानाला येणार होता. तो न न्हाता परतला, तर माहेरी वर्षभर कोणाच्या घरी मंगलकार्य व्हायचे नाही. आणि तिच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न तर ठरलेले. म्हणून आज किरपीने, केवळ भक्तीपोटी, अख्खी बाटली रिती केली होती.

गुरुद्वाऱ्यातल्या लंगरच्या डाळीचा हंडा उकळत्या झऱ्यात सोडून गुरमेज सिंग कठड्याशी आला. वीस वर्षांचा शेजार.

"भैणजी, माहेरचा देव यायचाय, आणि तोंड असं कारलं खाल्ल्यासारखं?"

"तुम्ही तुमची डाळ बघा, भाईजी. तुमच्या हंड्यात निदान कुणी पाय घालत नाही."

"घातला तर तोही शिजेल!" तो खदखदून हसला, मग नाक फेंदारून म्हणाला, "इथं इस्पितळ कधी उघडलं?"

"स्वच्छतेला वास असतो," किरपी फणकारली.

तोच शिंगे वाजली. ढोल दुमदुमले. वाहकांच्या खांद्यांवर दोन दांड्यांनी तोललेला, चांदीच्या मुखवट्यांनी झळकणारा देवाचा रथ पायऱ्या उतरू लागला, आणि कुंडापासून तिसऱ्या पायरीवर थबकला. वाहकांनी पाऊल टाकले. रथ मागे कलला. पुन्हा टाकले, पुन्हा कलला. वाहकांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. ढोल आपोआप थांबले.

लोतरामने टोपी काढली. तो देवाचा गूर; देव त्याच्याच मुखाने बोले. त्याचे मोकळे केस थरथरू लागले.

"हा वास या तीर्थमातेच्या पाण्याचा नव्हे. कुणाचा हात लागला?"

देवाचा कारभारी हात जोडून पुढे झाला. "महाराज, साऱ्या मुलखाच्या बाया इथं न्हातात. त्यांच्यातल्याच कुणाचं तरी पाप. तुमचा हुकूम असेल तर आजपासून बाहेरच्यांना हे कुंड बंद!"

"बंद करा!" गर्दी गरजली.

बंद! मग किरपीला ना लंगोट, ना केस, ना ते सुटलेले परकर. जे तिने वर्षानुवर्षे मागितले, ते केवळ गप्प राहिल्याने मिळत होते. कठड्यापाशी दोन यात्रेकरू बाया ओले केस निथळवीत, काहीच न कळून, लोकांच्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या.

घाम टिपण्यासाठी किरपीने हात नाकाजवळ नेला. तो हातच फिनेलने घमघमत होता. ज्या जुगुप्सेने ती आजवर परक्यांचा मळ उचलत आली, तीच आता स्वतःच्या तळव्यातून वर चढली. तिला उमासा आला, तो गिळून ती पुढे झाली.

"माझा हात. औषध मी ओतलं. या बायांचा काही दोष नाही."

"अगं करंटे!" कारभारी ओरडला. "माहेरच्या देवाला औषध पाजतेस?"

"रोज सकाळी चिमटा धरून बघा, काका! मग मला करंटी म्हणा."

कोणीतरी हसले. लोतराम हसला नाही. "रितं कर. राखेनं घास. चिमटा नको. तीनदा भर, तीनदा सोड. आणि आधी तू न्हा. तुला चाललं, तर मला चालेल."

दुपार कलेपर्यंत ती घाशीत होती. गुरमेज सिंगने लंगरच्या चुलीची राख घमेल्याघमेल्याने आणून ठेवली. दगडांच्या फटींतला बुळबुळीत थर तिच्या नखांत गेला. दोनदा तिला ओकारी आली. तीनदा सोडून कुंड पुन्हा भरले, तेव्हा पाण्याला केवळ पाण्याचा वास होता. डोळे मिटून, दात आवळून, ती गळ्यापर्यंत आत उतरली. पाणी कढत होते, आणि ते तिच्या अंगाला सर्वत्र लागत होते, याचीच तिला शिसारी होती.

ती वर आली. रथ हलला, आणि हलकेच, एखाद्या पाहुण्यासारखा, तिन्ही पायऱ्या उतरला. मुखवटे न्हाले. वरच्या गावचे लोक जयजयकार करीत, ढोल बडवीत परतले.

मागे कुंडात झेंडूच्या माळा तरंगत होत्या, कोणा माहेरच्याच माणसाच्या विडीची थोटके होती, आणि मोरीच्या तोंडाशी एक केस : लांब, पांढरा. किरपीने आपल्या ओल्या, पांढऱ्या वेणीकडे पाहिले.

"भैणजी, प्रसादाचा भात?" पलीकडून गुरमेज सिंगने द्रोण दाखवला.

"थांबा," ती म्हणाली, आणि चिमटा शोधू लागली. मग सापडलेला चिमटा तसाच कठड्यावर ठेवून तिने तो केस बोटांनी उचलला. किळस तेवढीच आली. रतीभरही कमी नाही.