वडगाव रासाईचा काठ आणि केडगावचं गुऱ्हाळ

नववीची भूगोलाची क्षेत्रभेट यंदा बसच्या खिडकीतून उरकायची नाही, असं ठरवलं. सव्वीस मुलं, एक मिनीबस, आणि सकाळी सातला शिरूर सोडलं. तुम्ही जाणार असाल तर लवकरच निघा. उसाच्या ट्रॉल्या एकदा रस्त्यावर आल्या की गाडी नुसती रांगते.

न्हावऱ्यापर्यंत ज्वारी आणि करडा माळ. वडगाव रासाई जवळ आलं तसं सगळं हिरवंगार. "काळी माती, म्हणून ऊस," मी सांगून टाकलं. भीमेकाठी मोटर चालू करायला आलेले आप्पा हसले.

"मॅडम, काळी माती तिकडं बी हाय की. पाणी न्हाई. हितं बंधाऱ्यानं पाणी अडलं, तवापासून ऊस. माझा बा बाजरीच घ्यायचा."

मुलांनी माझं वाक्य वहीत खोडलं. माझ्यादेखत, फार आनंदानं!

पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो, केडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर थांबलो. गरम काकवी चाटून झाल्यावर मुलाखती सुरू. रस उकळणाऱ्या चुलाणावरची माणसं उत्तर प्रदेशातली.

"तुम्ही कुठून आलात?"

"यूपी."

एवढं सांगून ती पुन्हा कामाला लागली. प्रश्नावली कोरीच राहणार, असं दिसायला लागलं.

खुशी यंदाच आमच्या शाळेत आलेली. वडील एमआयडीसीत. आपल्या मराठीला कुणी हसेल म्हणून वर्गात तोंड उघडत नसे. ती पुढे झाली.

"चाचा, कौन जिला?"

चुलाणात चिपाडं टाकणारे काका थांबले. "देवरिया. आ तू?"

"हमहूँ देवरिया के!"

काकांनी हात झटकले, खाली बसले आणि अर्धा तास भोजपुरीत बोलत राहिले. वाटण्या होऊन उरलेलं टीचभर शेत, दौंडपर्यंतची रेल्वे, सगळं. खुशी अडखळत मराठीत सांगत होती. कुणी हसलं नाही.

"चाचा बोलतात, त्यांची मुलगी पण नववीला आहे. ते तिला दिवाळीपासून भेटला नाही."

बाकीची पंचवीस पेनं थांबली.

यवतला हायवेवर मिसळ खाल्ली (तिखट जपून, मी ऐकलं नाही) आणि संध्याकाळी शिरूर.

दोन दिवसांनी घरी वह्या तपासायला घेतल्या. स्थलांतर मी इतकी वर्षं तीन मुद्द्यांत शिकवत आले. खुशीनं गुऱ्हाळापासून बाण काढला होता. पान पुरलं नाही, म्हणून वरच्या कडेला दुसरं चिकटवलं, त्याच्याही वर तिसरं. तिथे देवरिया आणि एक छोटंसं घर. काकांच्या मुलीचं नाव विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खुशीनं घराखाली लिहिलं होतं : गुडिया, इयत्ता नववी.