गंज समजून

माझी बोटं लांबसडक आणि मऊ. बारामती एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कीबोर्ड बडवून ती तशीच राहिली. "ही खुरप्याची बोटं न्हायती," असं तात्या, म्हणजे माझे वडील, लहानपणापासून म्हणत आले. म्हणून त्यांची जुनी जीप स्वतःच्या हातांनी चकाचक करून दाखवायचीच, असं मी दसऱ्याआधी ठरवलं.

तात्यांनी एवढंच सांगितलं होतं, की स्टेअरिंग ढिलं झालंय, बघ. पण मी मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले होते, आणि चार व्हिडिओ बघितलेला माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी स्टेअरिंग उपसलं. त्याखालचा कॉलम, म्हणजे पायांपर्यंत उतरणारा तो पाइप, सोडवून अंगणात आणला आणि आतला झिजलेला बुश बदलला. पाइपवर एका जागी, डॅशबोर्डच्या मागं झाकली जाणारी, लालसर खपली होती. थरावर थर. गंज! पॉलिश पेपर घेऊन लोखंड चमकेपर्यंत घासला. मग प्रायमर, मग काळ्या रंगाचे तीन हात. चौथा माझ्या चष्म्यावर बसला.

सगळं जोडून कऱ्हाटीच्या रस्त्याला गाडी काढली, तर गाडी सरळ आणि स्टेअरिंग तिरकं. शेजारी बसलेले तात्या म्हणाले, "गाडी निघालीया बारामतीला, अन् स्टेरिंग मोरगावला." परत उपसलं, परत बसवलं. तरी मी खुशीत होतो. रंग झकास उतरला होता आणि तात्या काहीतरी चांगलं बोलतील म्हणून मी दसऱ्याची वाट बघत होतो.

दसऱ्याला तात्या आईचा करंडा घेऊन आले. आई जाऊन दोन वर्षं झाली. वाकून त्यांनी डॅशबोर्डच्या मागं बघितलं.

"हितलं लाल कुठं गेलं?"

"गंज होता. पार काढून टाकला," मी छाती फुगवून म्हणालो.

"गंज न्हवता. तुझ्या आईचं कुंकू हुतं. बॉनेटवरचं धुण्यात जातंय, म्हणून दर दसऱ्याला हितं आत लावायची."

ती लावत असताना मी दरवर्षी पुढं उभा राहून हाराचे फोटो काढत होतो. तिचे सगळे दसरे मी घासून अंगणात झाडून टाकले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तात्यांनी एक सणसणीत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी करंडा उघडला. कुंकवात बोट बुडवून ते डॅशबोर्डमागच्या फटीत घालायला बघितलं. नांगर धरून जाड झालेलं बोट आत जाईना. कुंकू डॅशबोर्डलाच लागलं. दोनदा, तीनदा केलं. मग त्यांनी करंडा माझ्यापुढं धरला.

"तू लाव. तुझी बोटं तिच्यावर गेल्यात."