मोटारवाल्या चाचांची लाइन

अख्खी इंग्रजी एका शब्दात आटोपणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात तरी दुसरा नसावा. तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवून मला जे जमलं नाही, ते आखाडा बाळापूरच्या आमच्या मोटारवाल्या चाचांनी 'लाइन' या एकाच शब्दावर साधलं. वीज म्हणजे लाइन, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण चाचांच्या तोंडी रांग म्हणजे लाइन, शेतातला पाइप म्हणजे लाइन, फोन लागत नसला तरी लाइन, धंदा म्हणजे लाइन, आणि समोरच्या पानटपरीवर उभं राहून कॉलेजच्या पोरींकडे बघणारा कोणी दिसला, की भुवई उडवून म्हणायचं तेही लाइनच. एकदा मी चिडून सगळे अर्थ वहीत उतरवले. चौदा भरले. त्यांना वाचून दाखवले तर म्हणाले, "बराबर हाय सर. पण दोन सुटले तुमचे." कोणते, ते मात्र अजूनही सांगितलेलं नाही.

याचं मूळ त्यांच्या कामात होतं. चाचा पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचे. म्हणजे जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. वेढे कमी-जास्त झाले की मोटार पुन्हा जळालीच म्हणून समजा. बाकीच्यांनी मोजायला यंत्रं घेतली, चाचा तोंडानंच मोजत राहिले. मध्येच आकडा सुटला तर अंदाजपंचे पुढे जायचं नाही, सगळी तार उकलून पुन्हा एकपासून सुरुवात. त्यामुळे मोजताना त्यांना एका शब्दापेक्षा जास्त परवडत नसे. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, माही मोटार काहून न्हाई झाली?" चाचा हनुवटीनं विजेचा खांब दाखवत म्हणायचे, "लाइन." "मंग कधी होईल?" बाकावरच्या चार माणसांकडे बोट, "लाइन." डोंगरकडा गावचा एक केळीवाला एकदा भडकलाच. "दुसरं काई बोलता येतं का न्हाई हो तुमाला?" म्हणून असा ओरडला की चाचांचा आकडा सुटला. चाचांनी शांतपणे ते भेंडोळं त्याच्याच हातात ठेवलं. "उकला आता." बिचारा दुपारपर्यंत तार उकलत बसला होता, तिकडे त्याची केळी तहानलेली!

दोन वर्षांपूर्वी चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बारीक तार दिसेनाशी झाली. त्यांना मुलगा नाही. धाकटी मुलगी लहानपणापासून दुकानात वाढलेली, आयटीआयही केलेली. चाचांनी तिला आपल्या जागेवर बसवलं. झालं! भावकीतले लोक येऊन म्हणून गेले, "लडकी की ये लाइन नहीं." गिऱ्हाइकं तोंडावर म्हणायची, "चाचा, तुमचे डोळे बरे होईस्तोवर थांबतो आमी." चाचांनी कोणाशी वाद घातला नाही. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "ऑपरेशन होईस्तोवर बसंल ती. मंग मी हावच की." त्यावर सगळे गप्प बसले. पोरगीही तेच धरून चालली. अब्बा दारात दिसले की हातातलं काम टाकून ती उठून उभी राहायची, "बैठो अब्बा."

नांदेडला ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो आणि विचारलं, "कसं दिसतंय?" म्हणाले, "धुकंच धुकं हाय सर. डोळेच जुने, डॉक्टर तरी काय करंल?" मला फार वाईट वाटलं. असे आठ महिने गेले. दरम्यान पिकं कोणासाठी थांबत नाहीत. लोकांनी नाइलाजानं मोटारी पोरीकडे टाकल्या, आणि तिनं भरलेली एकही मोटार परत आली नाही. डोंगरकड्याचा तो केळीवाला तर दोन घेऊन आला आणि तोंडाला कुलूप लावून बसला.

गेल्या महिन्यात मी चाचांच्या शेजारी दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत पोरगी तार भरत होती. आमच्यापासून चांगली दहा पावलं लांब. चाचा एकाएकी पुटपुटले, "चढली. तार तारेवर चढली तिची." माझ्या डोळ्यांवर चष्मा, मला तर तारही दिसत नव्हती. तेवढ्यात पोरीनं हात थांबवला, तार खाली घेतली आणि नीट बसवली. चाचांनी सुस्कारा सोडला. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सर, कोणाला सांगू नका. मला दिसून राहिलं हे कळलं तर पोरगी उठंल तिथून. लोकं तिला पुन्हा बसू देणार न्हाईत."

एवढ्या वर्षांची हातची कला, आणि हा माणूस आंधळ्याचं सोंग घेऊन बाहेर बाकावर बसला होता.

काल पुन्हा तिकडून गेलो. दुकानात गर्दी होती. चाचा काठीनं चाचपडत पायरी शोधत होते. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि सावकाश वर चढवलं. बाकावरच्या कोणीतरी विचारलं, "काय हो सर, चाचांच्या डोळ्यांत काई फरक?"

"काहीच नाही हो," मी म्हणालो. "आता काही आशा नाही."