उतरण्याची तालीम

आमच्या नाटकमंडळीच्या जुन्या तालमीच्या हॉलची किल्ली अजून माझ्याकडे असते. लाकडी मंच आता नाटकांच्या उपयोगाचा राहिलेला नाही, पण शेजारच्या क्लबातल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुली तिथे उड्या मारायला येतात. त्यांना शिकवणारी बाई दिवसभर बुटांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवताना ती ठेंगण्या स्टुलावर बसते आणि उजवा पाय सरळ पुढे ताणून ठेवते, कारण तो गुडघा पुरता वाकत नाही. खेळायच्या वयात दुखावलेला गुडघा बरा व्हायच्या आत ती मैदानात उतरली होती. तिचं खेळणं तिथेच संपलं.

संघात तिची सख्खी भाची आहे. ती हिला मावशी म्हणते, म्हणून सगळा संघच मावशी म्हणतो. भाचीचं नाव पडलंय भिंगरी. चेंडू पायाशी आला की ती कुठून कुठे वळेल याचा नेम नसतो.

मावशीची शिकवणी बघून नव्या मुलींचे पालक नाकं मुरडतात. चेंडू राहतो कोपऱ्यात. आधी मांड्यांचे, पोटाचे व्यायाम, मग बाकावरून उड्या. उतरताना गुडघे वाकले पाहिजेत, पावलांच्या रेषेत राहिले पाहिजेत, आत एकमेकांकडे झुकता कामा नयेत. हे सगळं ती आधी नीट बघून घेते आणि नंतर पाठ फिरवून नुसता फळ्यांचा आवाज ऐकते. धप्प झालं की पुन्हा वर. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, पोरींना फुटबॉल शिकवताय की चोऱ्या करायला? मावशी म्हणाली, दोन्हीकडे पाय शाबूत लागतात.

गेल्या हंगामात वळता वळता भिंगरी पडली आणि डावा गुडघा सुजला. लिगामेंट ताणलं होतं, तुटलं नव्हतं. पाय पुरता जोर धरेपर्यंत सामना नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण क्रीडा वसतिगृहासाठी खेळाडूंची निवड तोंडावर आली होती. तिथे जागा मिळाली की शिक्षण, राहणं, खेळ सगळंच मार्गी लागणार. भिंगरीच्या आईने, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीने, लेकीची बॅग मनातल्या मनात भरूनही टाकली होती.

निवडीच्या आधी भिंगरी बाकावर चढली. मावशीने पाठ फिरवली. उडी झाली आणि फळ्यांनी हूं की चूं केलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या, समोर बसून मीही वाजवल्या. मावशी वळली आणि म्हणाली, "आता नुसत्या डाव्यावर."

भिंगरी पुन्हा चढली. उजवा पाय उचलला, परत टेकवला. मग बाकाला धरून हळूच खाली आली. मघाची सुरेख उडी तिने सगळा भार उजव्या पायावर घेऊन साधली होती.

"मावशी, नव्वद टक्के बरा आहे गं."

"उरलेल्या दहावरच पडशील."

मावशीने भिंगरीचं नाव निवडीला पाठवलं नाही. तिची आई तडक दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तुझं वाटोळं झालं म्हणून माझ्या लेकीचंही अडवतेस." मावशीने हातातल्या बुटाची नाडी बांधली. "हो, म्हणूनच अडवते," म्हणाली.

दोघी एकाच घरात, एक वर, एक खाली. बोलणं बंद झालं आणि निरोप सुरू झाले. तुझ्या मावशीला सांग, पाण्याची मोटर बंद कर म्हणावं. तुझ्या आईला सांग, आधीच केली आहे. दिवसभर भिंगरी जिन्यावर वर-खाली. पुढचा प्रवेश तिने मला दोघींचे आवाज काढून करून दाखवला.

एका दुपारी मावशी स्वतःच जिना चढली. कठड्याला धरून, ताठ पाय मागून ओढत. दारात टेकून दम खाल्ला आणि म्हणाली, "काय शिव्या घालायच्यात त्या मला घाल. पोरीला जिन्यावर नाचवू नकोस, तिचा गुडघा भरून यायचाय."

बहीण तोंड फिरवून भांडी पुसत राहिली. पुसता पुसताच तिने विचारलं, "पुढच्या वर्षी तरी सोडशील तिला?"

"तिच्या पायाने सोडलं तर."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर पुढच्या वर्षीही ये भांडायला," मावशी म्हणाली, "पण दुकानात नको. मालक ओरडतो."

बहिणीने कोपऱ्यातली खुर्ची तिच्याकडे सरकवली.