दंडावरच्या चार खुणा

माझ्या आईवडिलांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर.

आप्पा महसूल खात्यातले निवृत्त कारकून. सरकारी शिक्क्यावर त्यांची जेवढी श्रद्धा, तेवढी देवावरही नव्हती. आम्हा भावंडांच्या देवी काढल्याचे, म्हणजे देवीची लस टोचल्याचे, दाखले त्यांनी रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत जपून ठेवले होते. आईची श्रद्धा उरलेल्या सगळ्या गोष्टींवर. निपाणीच्या आमच्या घरात सकाळच्या चहापासून या दोन पक्षांची जुंपायची, आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून आप्पा मला आपल्या बाजूची साक्षीदार धरायचे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नववा लागला तशी मी पहिल्या बाळंतपणासाठी संकेश्वराहून माहेरी आले. चौथ्याच दिवशी भावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या अंगावर पाण्याचे फोड उठले. कांजिण्या. आईनं ताबडतोब घरातली फोडणी बंद केली, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि 'बाय आल्यात' म्हणून गल्लीत सांगून टाकलं. देवी पाहुणी आली म्हटल्यावर माणसं भेटायला येणारच. बायका लेकरं काखेला मारून यायच्या, पायांवर पाणी घ्यायच्या, मुलीच्या उशाशी हळदकुंकू वाहायच्या आणि 'एकदा येऊन गेलं की सुटलो' म्हणत आपलं पोर तिच्याच अंथरुणावर बसवायच्या. सीमाप्रश्नावरून गावात दोन तट होते. पण शेजारची कानडी आजी आली, 'आमच्यातबी अम्माच म्हणत्यात' म्हणाली आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसली. एवढा सलोखा मी नगरपालिकेत कधी पाहिला नाही.

वहिनी आल्यागेल्यांच्या चहापाण्यात अडकलेली, म्हणून मुलीला कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालायचं काम माझ्याकडे आलं. मला स्वतःला कांजिण्या कधी आल्या नव्हत्या. तसं मी म्हणूनही पाहिलं.

"पोटुशीला बाय काय करत न्हाय गं," आई म्हणाली. "उलट तिच्या हातची सेवा लई आवडती तिला."

मी आशेनं आप्पांकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्या दंडाकडे बोट केलं.

"चार खुणा हायत. मी सोता हुबं ऱ्हाऊन देवी काढून घेतल्यात. दाखला हाय ट्रंकेत. तुला काय हुतंय?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नानंतर प्रथमच नवरा तिच्या बाजूनं बोलला होता.

आता माझंही सांगते, नाहीतर सगळं खापर म्हाताऱ्यांवर फुटायचं. लसीचा धडा आला की मी वर्गात बाही वर करून त्या खुणा दाखवायचे. देवी देशातून गेल्या त्या या खुणांमुळे, हे पुस्तकात होतं. 'कांजिण्या म्हणजे देवीचीच धाकटी बहीण, तीही याच खुणेला भिते,' हे मात्र माझ्या पदरचं. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. बाईंनी सांगितलेलं खोटं कसं असेल? मलाही तसंच वाटायचं. तेव्हा मी बसले आणि वारा घातला.

पंधराव्या दिवशी ताप भरला. दुसऱ्या दिवशी पहिला फोड आला तो बरोबर त्या चार खुणांच्या मधोमध, जागा बघून आल्यासारखा.

दवाखान्यात आप्पांनी माझ्या आधी दाखला पुढे केला. अपील दाखल करावं तसा तो त्यांनी टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, घडी घालून परत दिला. "हा देवीचा आहे. कांजिण्या हा वेगळा रोग. त्याला या खुणा चालत नाहीत."

"मग कांजिण्यांची लस टोचा की," आप्पा म्हणाले.

"आपल्याकडे मिळत नाही. बाहेरदेशी निघालीय म्हणतात."

मग त्या माझ्याकडे वळल्या. रोगाला अडवणारी ताकद माझ्या अंगात तयार व्हायला काही दिवस लागणार होते, आणि ती झाली की बाळालाही माझ्याकडूनच मिळणार होती. त्याआधी बाळ जन्मलं तर ते निभावेल का, याची खात्री त्यांना नव्हती. निदान आठवडाभर तरी बाळंत व्हायला नको, म्हणाल्या. जणू ते माझ्या हातात होतं.

आल्यापासून मला 'चाल, वाक, जातं ओढ, म्हणजे लवकर सुटशील' म्हणणारं घर आता 'हालू नगंस' म्हणू लागलं. मी खोकले तरी आई धावत यायची. आप्पा कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. दारावर भेटायला बायका येत होत्याच; आई त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवायची. देवीच्या पाहुण्यांना तिनं माघारी लावलेलं मी तेव्हाच पाहिलं. मी पोटावर हात ठेवून पडून राहायचे. फार घाबरले होते. पोटात लाथ बसली की बरं वाटायचं आणि जोरात बसली की धस्स व्हायचं.

नवव्या फुलीच्या दिवशी दुपारी मुलगी झाली. अंगावर एक फोड नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटंपालटं करून पाहिलं आणि त्या पहिल्यांदा हसल्या. शाळेत परत गेल्यावर मी मुलांना वहीतलं ते धाकट्या बहिणीचं वाक्य खोडायला लावलं. एकानं विचारलं, "बाई, मग खरं काय?" मी बाही वर केली आणि खुणांच्या मधला नवा खड्डा दाखवला.

माझ्या त्या मुलीला आता मुलगा आहे. परवा तिचा फोन आला. डॉक्टर कांजिण्यांची लस घ्या म्हणतात, दोनदा टोचावी लागते, दंड दुखतो, थोडा ताप येतो, क्वचित चार पुरळ उठतात. आणि एवढं करूनही एखाद्याला कांजिण्या येतातच, फक्त हलक्या. "मग आई, एवढ्यासाठी कशाला लेकराला त्रास द्यायचा?"

"ताप किती दिवस?" मी विचारलं.

"एखादा दिवस म्हणाले."

"घे टोचून," मी म्हटलं. "तुझ्यासाठी मी नऊ मोजलेत."