पत्र्याच्या पेटीतला निकाल

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. घरचे त्याला भोचकपणा म्हणतात. त्याच खोडीपायी मी कैद्यांना मोफत कायदेशीर मदत मिळवून देण्याच्या कामाला लागले.

अमरावतीच्या तुरुंगात आमच्या नांदुऱ्याकडचा एकजण भेटला. गावातल्या मारामारीत एकाचा जीव गेला होता, त्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा झालेली. चार वर्षं भोगून झाली होती. मी सहज विचारलं, "अपील केलं का?"

"हाव, चालू हाये. तारीखच लागून नाही राह्यली."

चार वर्षं तारीख नाही? मी आमच्या वकिलांना शोधायला लावलं, तर हायकोर्टात त्याच्या नावाचं काहीच नव्हतं. अपिलाची मुदत साठ दिवसांची. न केलेल्या अपिलाची हा गडी चार वर्षं वाट पाहत होता.

शिक्षा झाली त्याच दिवशी निकालाची प्रत त्यानं आईकडे दिली होती, वकिलाला द्यायला. मग मी त्याच्या गावी गेले. आईनं चहा ठेवला आणि विचारताच पत्र्याची पेटी उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत फडकं, फडक्यात निकाल. एक घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"वकिलाले देल्ला नाही?" मी विचारलं.

"त्याचा मानूस आला होता. सरकारी कागद परक्याच्या हाती द्याचा नसते, बाई."

तिच्या नवऱ्यानं एकदा घरकुलाचे कागद एका दलालाला दिले होते. कागदही गेले, दलालही गेला. दुधानं तोंड पोळलं होतं. कागद शाबूत असला की खटला केव्हाही लढता येतो, असं तिला वाटत होतं.

"मंग पोराले काय सांगतलं?"

"देल्ला म्हनलं. तिथं त्याच्या जिवाले घोर काऊन लावा?"

मला रागच आला. पण वकिलाला दुसरी नक्कल काढता आली असती, तीही कोणी काढली नव्हती. आणि अशी पेटी आमच्याही घरात आहेच.

माझ्याकडेही तिनं कागद दिला नाही. पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासोबत एसटीनं बुलढाण्याला आली. आमच्या वकिलांच्या टेबलावर निकाल ठेवला, पण त्याचा एक कोपरा बराच वेळ सोडला नाही.

उशीर माफ करावा, अशा अर्जात उशिराचं कारण लागतं. वकिलांनी सवयीनं लिहिलं, 'गरिबी व अज्ञान'. सहीसाठी मी तो तुरुंगात नेला, सगळी हकीकत सांगितली, अर्ज वाचून दाखवला.

"माह्या मायले अज्ञानी नोका लिहू," तो म्हणाला. "तिनं कागद जपला. तसंच लिहा."

असं कारण कोर्ट ऐकेल का, याचं मला भारी कुतूहल होतं आणि भीतीही. वकील कुरकुरले, पण घडलं तसं लिहिलं. कोर्टानं उशीर माफ केला, अपील ऐकायला घेतलं.

त्या आदेशाची प्रत घेऊन मी परत गावी गेले. तिनं ती डोळ्यांना लावली, फडक्यात बांधली, पेटीत ठेवून झाकण लावलं. जरा वेळानं पुन्हा पेटी उघडली आणि कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुमच्यापाशीच ठेवा, बाई. माह्यापाशी तो लय जपल्या जाते."